चार नळ्या आणि एक पत्रा

पंधरा वर्षं मी ही हकीकत सांगायची टाळली. माझ्या जुन्या पिकअपचा आवाज ऐकून रस्त्यावरचं कुणी थांबायचं आणि विचारायचं, "आप्पा, गाडी एवढी जुनी, मग आवाज असा कसा?" मी बॉनेटवर हात फिरवायचो आणि इंजिनाचं कौतुक सांगायचो. तो आवाज ज्याने घडवला त्याचं नाव घ्यायचो नाही. नाव घेतलं असतं तर पुढचं विचारणं आलं असतं, आणि पुढचं म्हणजे कोंडाबाईच्या खळ्यावरची आग. गावाला त्या आगीबद्दल जे माहीत आहे ते मी सांगितलेलं आहे, आणि ते खोटं आहे.

आता भातकापणी सुरू झाली आहे. हिर्डोशीच्या वरच्या अंगाला आमची वाडी. सकाळी धरणाच्या पाण्यावरून धुकं वर येतं आणि खाचरांच्या बांधांवर येऊन बसतं. ते उठेपर्यंत विळा धरता येत नाही, कारण दवाने भात ओलं असतं आणि ओलं भात विळ्याखाली चुरगळतं. नऊ वाजता ऊन येतं. मग सगळ्या उतारावरून एकच आवाज, खर्र खर्र, जशी एखादी मोठी गाय सावकाश चरते आहे. कापलेल्या भाताला एक वास असतो. थोडा गोड, थोडा मातीचा, आणि दुपारनंतर त्यात पेंढ्याचा कोरडा वास मिसळतो. गावातल्या बाकीच्यांना या वासाने भूक लागते. मी उठून गाडीखाली वाकून बघतो.

मी आमच्या भागात पोस्टमास्तर होतो. निवृत्त झाल्यावर ही पिकअप घेतली, तीही दुसऱ्याने वापरलेली. चारही चाकं ओढणारी. वरच्या वाड्यांना तेव्हा रस्ता म्हणजे दगडांची रांग होती. एसटी यायची तेव्हा यायची, नाहीतर लोक चालायचे. मग नाचणीची पोती, शेळ्या, बाळंतपणाला निघालेल्या बायका, लग्नातली भांडी, वेल्ह्याच्या बाजाराला जाणारे लोक, सगळं या गाडीत. पोस्टाचा थैला खांद्यावरून गेला आणि गाडी आली, एवढाच काय तो फरक. लोक गाडीवर विश्वास ठेवायचे आणि त्याहून जास्त माझ्या शब्दावर. ज्याने तीस वर्षं त्यांची पत्रं वाचून दाखवली, तो माणूस खोटं कसं बोलेल?

त्या वर्षी पावसाळा सरता सरता इंजिनाच्या कडेला तडा गेला. इंजिनाचे चारही कप्पे ज्यात धूर सोडतात तो मॅनिफोल्ड बीडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा असतो. तोच फुटला. गाडी फटफट करू लागली आणि धूर केबिनमध्ये यायला लागला. बायका नाकाला पदर लावून बसायच्या आणि उतरताना म्हणायच्या, "आप्पा, चुलीपाशी बसल्यावानी वाटलं." जुन्या मॉडेलचा सुटा भाग कुठे मिळेना. पुण्यातला माझा भाचा सुहास म्हणाला, "मामा, बीडाचं विसरा. हल्ली तयार हेडर मिळतात." हेडर म्हणजे एका जाड ओतीव तुकड्याऐवजी चार वेगळ्या पोलादी नळ्या, पुढे जाऊन एकत्र येणाऱ्या. धूर मोकळा जातो, इंजिनाचा जीव हलका होतो, गाडी चढाला दमत नाही. त्याने कुठूनसं मागवून एक खोकं पाठवलं. आत चार चकचकीत नळ्या, एकमेकींच्या गळ्यात हात टाकल्यासारख्या.

हमरस्त्यावरच्या दोन गॅरेजवाल्यांनी ते बघून हात जोडले. तिसऱ्याने भोरच्या गौतम मिस्त्रीचं नाव सांगितलं.

भोरच्या टोकाला पत्र्याची शेड, दारात वाळत घातलेले हातमोजे, भिंतीवर खडूने लिहिलेली मापं. गौतम तेव्हा चाळिशीचा असेल. बुटका, रुंद मनगटांचा, बोलताना समोरच्याकडे न बघता वस्तूकडे बघणारा. त्याने आधी पाना उचलला नाही. गाडीखाली आडवा झाला आणि बराच वेळ नुसता पडून राहिला. मला वाटलं झोप लागली की काय. मग आतूनच आवाज आला.

"आप्पा, ह्या नळ्या आपल्या गाडीच्या न्हाईत."

"खोक्यावर तर आपल्याच मॉडेलचं नाव आहे."

"नाव तेच हाय. पर ह्या डावीकडं ष्टेरिंग असणाऱ्या मुलखातल्या. आपलं ष्टेरिंग उजवीकडं. तिसरी आन चौथी नळी ष्टेरिंगच्या दांड्याला घासणार."

"घासली तर काय होईल?"

"काय न्हाई. वरंध्याच्या घाटात फकस्त एकाच बाजूची वळणं घ्यायची."

शेडच्या मागे त्याची बायको संगीता भांडी घासत होती. ती तिथूनच हसली. मीही हसलो. त्या शेडमध्ये मी तीन दिवस बसलो. तिथे बसल्यावर माणसाला आपले हात निरुपयोगी वाटू लागायचे.

आधी जुना मॅनिफोल्ड काढायचा होता. त्याचे बोल्ट गंजून इंजिनाचाच भाग झाले होते. एक तर हात लावल्याबरोबर तुटला आणि त्याचं खोड आत राहिलं. दुसऱ्या कुणी तिथे ड्रिल घातलं असतं आणि इंजिनाचं डोकं खराब केलं असतं. गौतमने ते खोड गरम केलं आणि खिशातून मेणबत्तीचा तुकडा काढून त्यावर टेकवला. मेण वितळून गंजाच्या फटीत उतरलं. त्याने खोडावर एक नट जोडला, पाना लावला आणि श्वास धरून वळवला. पाव इंच पुढे, पाव इंच मागे. लहान पोराच्या पायातला काटा काढताना आई करते तसं. खोड बाहेर आलं तेव्हा त्याने ते माझ्या तळहातावर ठेवलं.

"ही विहारातली मेणबत्ती. पौर्णिमेला उरल्याली तुकडं मी घिऊन ठिवतो. उजेड झाल्यालाच असतो त्येंचा, मग माझ्या कामाला येत्यात."

मग त्याने तिसरी आणि चौथी नळी कापली. पुढची दीड दिवसाची हकीकत मी मनात इतक्यांदा उगाळली आहे की आता मला डोळे मिटूनही ते काम करता येईल असं वाटतं. येणार नाही. कुंपणाची जाड तार घेऊन त्याने दांड्याला चुकवून जाणारी वाट आधी तारेत वळवली. ती तार म्हणजे नळीची सावली. मग तशी नळी वळवायची. पण पोकळ नळी वळवली की कोपऱ्यात चेपते. म्हणून आत वाळू ठासायची. नीरेच्या पात्रातली वाळू, चाळलेली, धुतलेली आणि भाजून पूर्ण कोरडी केलेली. ओल राहिली तर वाफ होऊन नळी फुटते. वाळू भाजायचं काम संगीताचं. अंगणातल्या चुलीवर मोठी लोखंडी कढई, त्यात ती उलथनं फिरवत बसलेली.

"शेजारणी इचारत्यात, काय गं, लाह्या का?" ती मला म्हणाली. "म्या म्हणलं, व्हय, तुमास्नी देऊ का मूठभर?"

आणि इथे मी पहिल्यांदा त्या माणसाला मनोमन नमस्कार केला. वाळू भरताना तो ती मोजत होता. घरातलं भात मोजायचं मापटं. पहिल्या नळीत किती मापटी, दुसरीत किती, भिंतीवर खडूने रेघा. तिसरी नळी वळवून झाली की तिच्यातही तेवढीच वाळू मावली पाहिजे. चिमूटभर जास्त भरली, तर नळी एवढीशी कापायची आणि पुन्हा मोजायची.

"चिमटीनं काय फरक पडतो, गौतम?"

"चार भाऊ एका दारातनं भाईर पडणार, आप्पा. सगळ्यांची घरं दारापासनं सारखी लांब असली तर एकामागं एक निघत्यात. एकाचं घर जवळ असलं की तो मधीच घुसतो. मग दारात मारामारी. तुमास्नी तीच फटफट ऐकू येती."

नळी तापून लाल झाली की तो ती तारेच्या सावलीवर सावकाश आणायचा. ओढायचा नाही. तिला हळूहळू तिकडे यावंसं वाटेल असं धरायचा. जोड मारले ते गोधडीच्या टाक्यांसारखे, एकसारखे, एकाला एक खेटून. मी पोस्टात आयुष्यभर शिक्के मारले. दोन शिक्के सारखे उठले नाहीत कधी.

बोल्ट आवळायचीही एक रीत होती. मधून बाहेर, आधी हलके, मग पुन्हा मधून बाहेर, तीन फेऱ्या. शेवटी इंजिन चालू केलं आणि त्याने उदबत्ती पेटवली. मला वाटलं पूजा करतो आहे. तो उदबत्ती एकेका जोडाजवळ धरत गेला. जोड कुठे फुंकत असेल तर धूर हलेल. धूर दोऱ्यासारखा सरळ वर गेला, प्रत्येक जोडापाशी. तो धूर मी माझ्या डोळ्यांनी बघितला आहे.

आणि आवाज! आधीची खोकणारी गाडी आता छातीतून बोलत होती. खालच्या पट्टीत, भरदार, कुठेही न अडखळता. भजनात मृदंगवाल्याचा हात बसला की सगळं देऊळ कसं एका ठोक्यावर येतं, तसं काहीसं. गौतमने डोळे मिटले होते. मग तो म्हणाला, "अजून काम झालं न्हाई."

"आता काय राहिलं?"

"दोन कामं हाईत. बोल्ट तापून, थंड हून ढिलं पडणार. आठ दिसांनी ते परत आवळायला लागत्यात. आन खाली पत्रा बसवायचाय. बीड जाड असतंय, ते ऊन पोटात ठिवतं. ह्या नळ्या पातळ. सगळी आग भाईर. पत्रा कापून ठिवतो, सोमवारी या. तवर एक करा, आप्पा. गाडी पेंढ्यात घालू नका. वाळल्या गवतातबी न्हाई."

"हो."

संगीता चहाचे कप उचलत होती. "आप्पांचा हो पोस्टातल्या शिक्क्यावानी हाय ना? पुसत न्हाई न्हवं?"

मी पुन्हा म्हणालो, "हो." म्हणजे दोनदा म्हणालो.

घाटातून गाडी घेऊन येताना मी चाळीस वर्षांनी लहान झालो होतो. प्रत्येक वळणावर आवाज डोंगराला लागून परत यायचा. असाच कार्तिक होता. खाचरं कापून झालेली, झोडणी चाललेली. फळीवर भाताच्या पेंढ्या आपटायच्या, दाणे खाली, पेंढा बाजूला. तरी पेंढ्यात थोडे दाणे राहतातच. ते काढायला पेंढा खळ्यावर पसरून त्यावर बैल फिरवायचे, ही आमच्याकडची मळणी. अलीकडे बैल कमी झाले, तेव्हा कुणी ट्रॅक्टर फिरवायचं, कुणी जीप. चाकाखाली पेंढा मळला जातो आणि दाणे झडतात. कुणालाच त्यात काही वावगं वाटत नसे.

कोंडाबाई आमच्या वरच्या टेपावर, डोंगराच्या सपाट टप्प्यावर राहते. धनगराची बाई, नवरा लवकर गेलेला, दोन गाई, तीन म्हशी, थोडं भात. त्या वर्षी तिच्या बैलाच्या खुराला लागलं होतं आणि पसरलेला पेंढा खळ्यावर तसाच पडला होता. मी म्हणालो, "मी फिरवतो गाडी." तिने मागितलं नव्हतं. मला ती गाडी कुणालातरी ऐकवायची होती. पंचक्रोशीला ऐकवायची होती, हे जास्त खरं.

तो शनिवार होता. गौतमचा पत्रा सोमवारी मिळणार होता.

चारही चाकं लावून, खालच्या गिअरमध्ये मी त्या खळ्यावर गोल फिरू लागलो. तिन्ही बाजूंना डोंगर. आवाज घुमत होता. कोंडाबाई आणि तिची जाऊ कमरेवर हात ठेवून कौतुकाने बघत होत्या. "आप्पा, तुमची गाडी गाती की!" कोंडाबाई ओरडली. मी आणखी दोन फेऱ्या जास्त मारल्या. सातव्या की आठव्या फेरीला भाकरी करपल्याचा वास आला. मला वाटलं हिची चूल. त्या वेळी मला गौतमचं बोलणं आठवलं नाही असं मी पुढे पुष्कळदा स्वतःला सांगितलं. ते खरं नाही. आठवलं होतं. मी मनात म्हणालो, एवढी फेरी होऊ दे.

गाडीखालून ज्वाळा आली तेव्हा मी गाडी खळ्याबाहेर काढली. पेटता पेंढा तिच्यामागे फरपटत आला आणि कडेच्या उडवीला, रचून ठेवलेल्या पेंढ्याच्या ढिगाला लागला. ओली पोती, घागरी, माती, सगळं झालं. माणसाला काही झालं नाही, गुरांना झालं नाही. भात आधीच घरात गेलेलं. पण त्या पाच गुरांचं वर्षभराचं खाणं अर्ध्या तासात गेलं.

लोक उडवीकडे धावत होते तेव्हा मी गाडीखाली वाकलो. मागच्या चाकांकडे जाणाऱ्या फिरत्या दांड्याला पेंढा सुंभासारखा गुंडाळला गेला होता, आणि त्याचा गठ्ठा वर नळ्यांपर्यंत ठासला होता. नळ्या शाबूत होत्या. जोड शाबूत होते. मी तो काळा गठ्ठा दोन्ही हातांनी ओढून काढला आणि आगीत टाकला. हात भाजले. त्या हातांना लोकांनी नंतर खोबरेल लावलं, आग विझवताना आप्पांचे हात भाजले म्हणून.

कोंडाबाईने विचारलं, "कशानं लागली ओ, आप्पा?"

मी म्हणालो, "नळीचा जोड फुटला. मिस्त्रीने काम कच्चं केलं."

किती सहज आलं ते तोंडातून.

तिसऱ्या दिवशी गौतम आला. एसटीने हिर्डोशीपर्यंत, तिथून चालत. त्याला कुणीतरी निरोप दिला होता. आधी तो गाडीखाली गेला. मग पाराकडे आला. पारावर आम्ही दहा-बारा जण बसलो होतो. तो खालीच उभा राहिला. वर ये असं कुणी म्हणालं नाही. मीही म्हणालो नाही.

"जोड शाबूत हाईत, आप्पा. समदे हात लावून बघितले."

"मग आग काय आभाळातून पडली?" मी म्हणालो. लोक हसले.

 मग हळू आवाजात, जणू पारावर आम्ही दोघंच आहोत, त्याने विचारलं, "पेंढ्यात घालू नका म्हणलं व्हतं ना मी तुमास्नी?"

तो आरोप नव्हता. तो मला वाट काढून देत होता. 'विसरलो बाबा' एवढं म्हणालो असतो तरी तो 'व्हतं असं' म्हणून खाली गेला असता. मी सगळ्यांसमोर म्हणालो, "असं काही तू बोललाच नाहीस."

तो माझ्याकडे बघत राहिला. एरवी वस्तूंकडे बघणारा माणूस. मग वहाणा घालून उताराला लागला. पारावरचा एक जण म्हणाला, "आप्पा कशाला खोटं बोलतील?" दुसरा म्हणाला, "ह्या लोकांस्नी काम दिलंच का?" दुसऱ्याचं बोलणं मी ऐकलं आणि गप्प बसलो. माझं ऐकायला गाव इतकं तयार का होतं, हे मला त्या क्षणीसुद्धा पुरतं ठाऊक होतं. त्या तयारीचा मी उपयोग करून घेतला. माझ्या खोट्याहून हे मला जास्त जड जातं.

आणि पुढचं ऐका. आठवडाभराने एक टेम्पो भरून कडबा आला. गौतमची बहीण भोंगवलीला दिलेली, तिकडे ज्वारी होते. कोंडाबाईच्या गोठ्यापुढे त्याने स्वतः पेंड्या उतरवल्या. ती म्हणाली, "अरं, तुझी चूक न्हाई म्हणतोस, मग हे कशाला आणलंस?" तो म्हणाला, "माझी न्हाई. पर गुरांचं तरी काय चुकलंय?"

गावाने याचा अर्थ काय लावला? "बघा, मन खातंय म्हणून भरून द्यायला आला." त्याच्या चांगुलपणाचाच कबुलीजबाब झाला. मी तेव्हा दुकानाच्या पायरीवर बसलो होतो. एक वाक्य बोलायचं होतं. मी चहा मागवला.

बोलणं एसटीतून भोरला गेलं, तिथून वेल्ह्याच्या बाजाराला. कुणीतरी त्याला आगलाव्या मिस्त्री म्हणायला लागलं. आधी लांबच्या गाड्या यायच्या बंद झाल्या, मग जवळच्या. दोन वर्षांनी त्याने शेड बंद केली आणि वरवे बुद्रुकजवळ दुसऱ्याच्या शेडमध्ये फाटकं आणि खिडक्यांच्या जाळ्या जोडायला लागला. वाळू मोजून नळ्या वळवणारा माणूस. सरळ गज सरळ गजाला.

आणि माझी गाडी चालत राहिली. हेच सांगायचं आहे. पंधरा पावसाळे, वरंध्याचा घाट, मढे घाटाकडची चिखलाची वाट, वेल्ह्याच्या बाजूचे खडक. क्लच गेला, स्प्रिंगा बदलल्या, बॉडी दोनदा रंगवली. त्या चार नळ्यांचा एक जोड हलला नाही. मी ज्याला कच्चं म्हणालो ते काम रोज सकाळी माझ्या अंगणात उभं राहून माझ्यासमोर पक्कं होत होतं. किल्ली फिरवली की तो आवाज यायचा, आणि माझी मान खाली जायची.

दोन वर्षांपूर्वी कापणी झाल्यावर नव्या तांदळाची पिशवी घेऊन मी वरव्याला गेलो. घर शोधावं लागलं नाही. मी गल्लीत वळलो तोवर गौतम दारात येऊन उभा होता.

"लांबनं वळखला आवाज," तो म्हणाला. केस पिकलेले, धाप लागत होती. "चारी भाऊ अजून एकामागं एक निघत्यात की, आप्पा!"

 मी रस्ताभर वाक्य जुळवत आलो होतो. त्याच्या चेहऱ्यावरचं सुख बघून ते सगळं गेलं आणि मी म्हणालो, "बोल्ट आवळायला आलोय."

तो हसला. "आठ दिसांनी या म्हणलो व्हतो."

मग आत गेला आणि कपाटामागून पोत्यात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन आला. वाकवलेला, कडा घासून गुळगुळीत केलेला पत्रा. त्यावर खडूने लिहिलेलं माझं नाव पुसट झालं होतं, खाली सोमवार.

"हा तू... तेव्हाचाच?"

"त्या सोमवारी तयार व्हता."

"मग पारावर आणून दाखवायचा होतास. लोकांना कळलं असतं."

"लोक म्हणले असते, आगीनंतर केला." तो पत्र्यावरची धूळ पुसत होता. "त्येला साक्षीदार एकच व्हता, आप्पा. त्यो वर बसला व्हता."

तो गाडीखाली गेला. धाप लागत होती तरी कुणाला हात लावू दिला नाही. मधून बाहेर, तीन फेऱ्या. मग पत्रा बसवला. भोकं जिथल्या तिथे जुळली. तेरा वर्षांनी, एका मापात.

संगीता चहा घेऊन आली आणि कप माझ्यापुढे जरा जोरातच ठेवला. "घ्या आप्पा. साखर जास्त टाकलीया. बोलायला बरं पडंल."

"संगे," गौतम खालून म्हणाला.

"मी काय वावगं बोलले? गाडीचं राहिलेलं काम झालं. आता आमचं राहिलेलं कवा करणार, येवढंच इचारते. हितं नगा बोलू. हितं आमाला ठावं हाय. जितं बोलला व्हता तितं बोला."

मी म्हणालो, "बोलेन."

तिने माझ्याकडे नीट बघितलं. शिक्क्याबद्दल ती या वेळी काही बोलली नाही.

गेल्या वर्षी कापणीनंतर मी पारावर चढलो होतो. सगळे होते. मी म्हणालो, "मला जरा सांगायचं होतं." लोक गप्प झाले. मी घसा साफ केला, आणि एसटीच्या बदललेल्या वेळा सांगितल्या.

या आषाढात गौतम गेला. छातीचं दुखणं होतं. मला भोरच्या बाजारात पंधरा दिवसांनी कळलं, मेणबत्त्या घेताना, दुकानदाराच्या तोंडून.

आज सकाळी गाडी घेऊन वर गेलो. वाटेवर पेंढा सांडला होता. कोंडाबाईच्या टेपावर पोचल्यावर खाली वाकून बघितलं, तर चार काड्या त्या पत्र्याला येऊन टेकल्या होत्या. तिथेच थांबल्या होत्या. साध्या पिवळ्या, न तापलेल्या. कोंडाबाई आता थकली आहे. गाडी थांबलेली बघून म्हणाली, "आप्पा, खळ्यावर नगा आणू बरं!" आणि हसली. मी तिच्याजवळ बसलो आणि तिला सगळं सांगितलं. तिने गोठ्याकडे बघितलं. मग म्हणाली, "कडबा लई गोड व्हता त्येचा. म्हशींनी काडी ठिवली न्हाई." आणि थोड्या वेळाने, "मला काय सांगता? त्येला सांगायचं व्हतं."

तोंडाने जमलं नाही म्हणून लिहितो आहे. हे छापून आलं की पारावर कुणीतरी मोठ्याने वाचेल, तशी आमच्याकडे रीत आहे. मी वर बसणार नाही. जिथे तो उभा होता तिथे, खाली उभा राहीन. त्या दिवशी बोलायचं राहिलेलं असं होतं:

गौतम, वर ये, माझ्याशेजारी बस. मंडळी, याचे जोड शाबूत आहेत. पेंढ्यात घालू नका असं याने मला बजावलं होतं, मी दोनदा हो म्हणालो होतो. गाडी मी घातली, आग माझ्यामुळे लागली, आणि जळका पेंढा मी लपवला. याच्या कामात चिमूटभर खोट नव्हती. गौतम, माझं चुकलं.